डाव्या कानाची नोंद

"बोला, बोला. थांबू नका. माहेरची माणसं सांगा, एकेक करून."

"तात्या... आई... थोरला भाऊ शंकर, धाकटा निवृत्ती. वैनी पारू. चुलता म्हादू, त्याची दोन पोरं... आवं भाऊ, गरगरतंय थोडं."

"गरगरू द्या. पुढं?"

"म्हशीचं सांगू का?"

"सांगा की."

"चांदी. रेडीचं नाव न्हाई ठिवलं अजून."

हौसाबाई डोळे मिटून टेबलावर पडली होती. तिच्या डोळ्यांच्या कडांना मी पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यांच्या वायरी यंत्रात गेल्या होत्या, आणि उजव्या कानात नुकतंच अर्धा मिनिट गार पाणी सोडलं होतं. यंत्राची सुई कागदाच्या सरकत्या पट्टीवर दाते काढत होती. बारके बारके दाते. हिचा उजवा कान अधू दिसतोय, असं मी मनात म्हटलं आणि घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

ही १९९० सालातली गोष्ट. मिरजेत कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात मी चक्करेच्या तपासण्या करायचो. वय पंचवीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती, पण ऐट अशी की डॉक्टर माझ्या जिवावरच दवाखाना चालवतायत. पांढरा कोट घातला की मला बाहेरच्या बाकावरची माणसं बुटकी दिसायची. खोटं कशाला सांगू?

तपासणी तशी साधी. कानात गार पाणी गेलं की धड कानाच्या माणसाला वाटतं, टेबल गरागरा फिरतंय. डोळे आपोआप एका बाजूला सरकतात आणि झटक्यानं मागं येतात. सुई त्याचे दाते काढते. दाते मोठे आले तर कान धड, बारके आले तर अधू. दोन्ही कानांची नोंद घ्यायची आणि शेजारी शेजारी ठेवून बघायची. फरक निघाला की समजायचं, चक्कर खरी आहे आणि ती अमक्या कानातून येते.

यात गोम एकच होती. पेशंटचं मन रिकामं राहिलं किंवा कुठं अडकून बसलं, तर चांगल्या कानाचे दातेसुद्धा बसतात. म्हणून त्याला सारखं बोलतं ठेवायचं. मला हे काम जोसेफमामांनी शिकवलं. ते निवृत्त व्हायच्या आधी तीन महिने मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि रोज एकदा तरी ते म्हणायचे, "मुरली, पेशंट गप झाला की सुई खोटं बोलते. मग दहा मिनिटं थांबायचं, कान पुसायचा आणि परत करायचं. आळस केलास तर माझ्याशी गाठ आहे." नोंदीच्या कागदावर तर खाली रकानाच छापलेला होता. पेशंटला बोलतं ठेवलं, होय की नाही.

हौसाबाई जत तालुक्यातून आली होती. वय असेल तेवीस-चोवीस. बरोबर सासू गोजराबाई आणि नवरा. नवरा बाहेर व्हरांड्यात विड्या ओढत उभा होता, सासू मात्र तपासणीच्या खोलीत माझ्या मागं स्टुलावर येऊन बसली. सारी हकिगत तिनंच सांगितली. गेल्या वर्षापासून सुनेला चक्कर येतेय. बघावं तेव्हा भिंत धरून उभी. आणि दोन महिन्यांमागं लेकराला कडेवर घेऊन गोठ्याच्या पायरीवरनं पडली. लेकरू दीड वर्षाचं, संपत. त्याचा हात मोडला.

"तवापासनं मी लेकराला तिच्या हातात दिलं न्हाई," गोजराबाई म्हणाली. "माझी सरळ गोष्ट हाय, सायेब. बाई आजारी असंल तर मी तिचं हागणं-मुतणं काढीन. पर गावातली माणसं म्हनत्यात, कामाच्या आळसानं सोंग करतीया. माझा सदाशिव बी तेच म्हनतो. सोंग असंल तर तो तिला माहेरी धाडनार. लेकरू आमच्याकडं ऱ्हाईल."

हौसाबाई हे सगळं खाली मान घालून ऐकत होती. सासू चपला काढायला दारापाशी गेली तेवढ्यात ती हळूच मला म्हणाली, "भाऊ, ह्या कागदात खरं निघंल न्हवं?"

"यंत्र आहे ते, बाई. यंत्राला काय तुमची भीड पडते?" मी रुबाबात म्हणालो.

तर उजवा कान झाला. नियमाप्रमाणे मध्ये दहा मिनिटं विसावा द्यायचा. ती पडून होती आणि मी घड्याळ बघत होतो. कारण त्या दिवशी शनिवार होता आणि मला तासगावला मुलगी बघायला जायचं होतं. दीडची बस. वडील आणि मामा एक वाजल्यापासून स्टँडवर येऊन थांबणार होते. इस्त्रीचा नवा शर्ट खोलीतल्या खिळ्याला टांगलेला होता. मामांचा स्वभाव असा की बस चुकली तर लग्न होईपर्यंत बोलले असते, आणि लग्नानंतरही बोलले असते.

दहाऐवजी सात मिनिटांतच मी डाव्या कानात पाणी सोडलं.

"आता सासरची माणसं सांगा. थोरल्यापासून."

"मामंजी," ती म्हणाली.

"तसं नाही. नाव, नाव."

ती थांबली.

"बरं, सासूबाईंचं सांगा."

काही नाही. तिचे ओठ हलले आणि परत मिटले.

"मालकांचं तरी? अहो बाई, बोला की! नवऱ्याचं नाव विसरलात काय?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. मिटलेल्या पापण्या थरथरायला लागल्या. मागून सासू काहीतरी बोलली. मी वळलो नाही. सुईकडे बघत होतो. आधी दोन-तीन दाते चांगले टपोरे आले, मग ती गप झाली तसे बसत गेले, अगदी उजव्या कानासारखे बारके झाले. मला बाईचा राग आला. इतका वेळ म्हशीचं नाव सांगत होती, आणि आता ऐन घाईच्या वेळी मुकी झाली! एक वाजायला वीस मिनिटं होती. परत करायचं म्हणजे दहा मिनिटं विसावा, मग पाणी, मग नोंद, मग मोजणी. बस गेली असती.

मी यंत्रातली कागदाची पट्टी फाडली, तिच्या डोळ्यांजवळच्या पट्ट्या काढल्या आणि तिला कापूस दिला. कागदावर दोन्ही कानांचे आकडे लिहिले. खालच्या रकान्यात "होय" वर खूण केली.

डॉक्टर शिरगुप्पे सज्जन माणूस. पट्टी हातात घेऊन त्यांनी दोनदा उलटसुलट बघितली. हौसाबाई समोर स्टुलावर, गोजराबाई तिच्या शेजारी, नवरा दारात, आणि मी टेबलाच्या कोपऱ्याशी उभा.

"दोन्ही कान सारखेच दिसतायत," डॉक्टर म्हणाले. "फक्त दोन्हीकडं जरा कमी वाटतंय. मुरली, बोलतं ठेवलं होतंस ना यांना?"

हौसाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मला आजही ती नजर जशीच्या तशी आठवते. तिच्यात राग नव्हता. शाळेत मास्तरांनी काही विचारलं की शेजारचं पोर आपल्याकडं बघतं ना, आता हा काय सांगतोय म्हणून, तसं ती बघत होती.

"होय साहेब," मी म्हणालो. "बोलत होत्या."

तिनं मान परत खाली घातली.

"मग ठीक आहे. काही जणांचं मुळातच कमी असतं. फरक नाही, म्हणजे कानात दोष नाही." डॉक्टर गोजराबाईकडं वळले. "आजी, मनावर ताण असला तरी चक्कर येते. मी झोपेच्या गोळ्या देतो. यांना जरा सांभाळून घ्या."

"म्हंजे आजार न्हाई?" गोजराबाईनं विचारलं.

"कानाचा तरी नाही."

वाटलं होतं, म्हातारी आता तोंड सोडेल. पण ती नुसती बसून राहिली. मग सुनेकडं बघून म्हणाली, "का गं? लेकराचा हात उगंच मोडला व्हय?" आणि पदरानं डोळे पुसायला लागली. दारातला सदाशिव म्हणाला, "चल ऊठ. आटपाडीच्या गाडीत बसवून देतो. तुझ्या बापाला म्हणावं, सांभाळ." तो हे मोठ्यानं बोललासुद्धा नाही. भाजी आणायला सांगावी तसं बोलला.

मी नवा शर्ट घालून स्टँडकडं पळालो. बस मिळाली.

तासगावात मुलगी पसंत पडली. शरयू तिचं नाव. कांदेपोहे झाले, आणि तिच्या चुलत्यांनी विचारलं, "आपण दवाखान्यात नेमकं काय करता?" मी मांडी बदलून म्हणालो, "चक्कर खरी की खोटी, ते आम्ही यंत्रावर ओळखतो." सगळ्यांनी "वा!" केलं. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि त्याच वेळी, तीन तासांपूर्वी मी काय केलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पोहे घशाखाली उतरेनात, तर शरयूची आई म्हणाली, लाजतायत. लाज होतीच, पण ती वेगळी.

सोमवारी येऊन मी फाईल काढली. पट्टी काढून खिडकीपाशी धरली. डाव्या कानाचे पहिले तीन दाते स्वच्छ दिसत होते, टपोरे, उजव्या कानाच्या दुप्पट. न शिकलेल्या माणसालाही दाखवले असते तर कळलं असतं. डावा कान धड होता आणि उजवा अधू. बाई खरी होती. फाईलवर गावचा पत्ता होता. "तपासणी परत करायची आहे, या," एवढं एक कार्ड टाकलं असतं तरी भागलं असतं. पण डॉक्टरांनी विचारलं असतं, परत का? त्या महिन्याअखेरीस माझा कायम होण्याचा कागद निघणार होता.

मी फाईल जागेवर ठेवली. कागद निघाला. पेढे वाटले.

नंतरची वर्षं कशी गेली हे सांगण्यात अर्थ नाही. कामात मी चांगला झालो, लोक म्हणतात तसा. पेशंट जरा गप झाला की मी पुन्हा तपासणी करायचो, बसची वेळ असो की जेवणाची. नव्या मुलांना शिकवताना हौसाबाईची गोष्ट हमखास सांगायचो, पण "आमच्या इथं पूर्वी एक जण होता" अशी सुरुवात करून. आणि त्या एका जणाला गोष्टीत काही कळलेलंच नसायचं, बिचारा अडाणी होता, असं. मुलं हसायची. मीही हसायचो.

अकरा वर्षांनी ती आली.

बरोबर भाऊ होता, निवृत्ती. तिचे केस अर्धे पिकलेले, चालताना एक हात भावाच्या खांद्यावर. उजव्या बाजूनं बोललं तर तिला ऐकू येत नव्हतं. मी कागदावरचं नाव वाचलं आणि कोटाचं वरचं बटण उगाच लावलं.

"भाऊ, तुमीच न्हवं त्या वक्ताला?" तिनं विचारलं.

नाही म्हणावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं.

"हो, मीच."

"मला वाटलंच. आवाज वळखला."

यंत्र आता नवं होतं, नोंद कॉम्प्युटरवर यायची. पण पाणी तेच आणि टेबलही तेच. उजव्या कानात पाणी सोडलं. ती भावाच्या पोरांची नावं सांगत राहिली आणि पडद्यावर रेघ सरळ गेली. एकही दाता नाही. कान पुरता गेला होता. मग पुरी दहा मिनिटं थांबलो. घड्याळ हातातून काढून ठेवलं. डाव्या कानात पाणी सोडलं आणि म्हणालो, "हौसाताई, काहीही सांगा. शेतं सांगा, सणवार सांगा, गाणं म्हणा."

"सासरची सांगते," ती म्हणाली. "मागल्या बारीला ऱ्हायली हुती."

मी पडद्याकडे वळलो.

"दाजीबा चवरे," ती डोळे मिटून म्हणाली. स्वच्छ आवाजात, एकेक नाव तोडून. "गोजराबाई दाजीबा चवरे. सदाशिव दाजीबा चवरे. मंगल सदाशिव चवरे, ती दुसरी. संपत सदाशिव चवरे." जरा थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "दाजीबा चवरे. गोजराबाई दाजीबा चवरे. सदाशिव..." पडद्यावर दाते येत होते, एकाला एक लागून, टपोरे. चक्कर ओसरेपर्यंत तिनं ती पाच नावं घेतली. संपतचं नाव घेताना प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली यायचा.

डॉक्टर आता नव्या होत्या, वृंदा मॅडम. हौसाबाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. माझ्या अक्षरातला. अकरा वर्षं तिनं तो जपून ठेवला होता.

"दोन्ही सारखे?" मॅडमनी वाचलं. "बोलतं ठेवलं, होय. कमाल आहे. तेव्हा नुसती सुरुवात असेल, नाही का हो मुरलीधर?"

"असेल, मॅडम," मी म्हणालो.

"हौसाबाई, तुमची चक्कर कानाचीच. जुनी आहे. तेव्हाच कळलं असतं तर औषधानं बरीच आटोक्यात राहिली असती." मॅडमनी नवा कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला.

बाहेर व्हरांड्यात निवृत्ती औषधं घ्यायला खिडकीशी उभा राहिला आणि ती बाकावर बसली. मी जवळून निघून चाललो होतो. तिनं हाक मारली.

"भाऊ, ह्यो कागद संपतला दावला तर चालंल न्हवं? आता तेरावं लागंल त्याला. जत्रंत दिसला हुता गेल्या वर्साला. मी हाक मारली तर बघून पुढं गेला. त्याला सांगितलंय, आईनं तुला मुद्दाम पाडलं." तिनं कागद गुडघ्यावर ठेवून हातानं सपाट केला. "शिकलेला हाय तो. वाचंल की."

"चालेल," मी म्हणालो. "मी त्याची आणखी एक प्रत काढून देतो. दोन देतो."

"आनि एक बोलू? राग धरू नगा." तिनं मान खाली घातली, अगदी त्या दिवशीसारखी. "त्या वक्ताला चूक माझीच झाली. तुमी नाव इचारलं आनि मी गप बसले. आत्याबाई बसल्या हुत्या मागं, त्यांच्या म्होरं कसं घेणार? म्या बोलले न्हाई म्हणून यंत्राचं बिनसलं. डाक्तरनं इचारलं तवा तुमी माझी लाज राखली, बोलत हुत्या म्हणालात. मी सगळ्यास्नी सांगते, दवाखान्यातला तो भाऊ लई चांगला हुता."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आता सांगावं, असं वाटलं. शब्द जुळवत होतो.

"आत्याबाई बी मनानं वाईट न्हवत्या, बरं का," ती पुढं म्हणाली. "त्यांनी मागनं तुमास्नी सांगितलं बी हुतं, 'आवं सायेब, ती माझ्याम्होरं नावं कशी घेईल? दुसरं कायतरी इचारा की.' पर यंत्राच्या आवाजात तुमास्नी ऐकू गेलं नसंल."

ती माझ्याकडं बघत होती. तीच नजर, मी आता काय सांगतोय म्हणून.

"हो," मी म्हणालो. "फार आवाज होता त्या यंत्राला."

तिचं समाधान झालं. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि भावाचा खांदा धरून जिना उतरून गेली. दोन्ही प्रती तेवढ्या मी तिला नेऊन दिल्या.

ते जुनं यंत्र मी सात वर्षं चालवलं. त्याला आवाज असा नव्हताच. कागदावरून सुई फिरायची, तेवढीच काय ती कुरकुर. गोजराबाई माझ्या मागं दोन हातांवर बसली होती, आणि तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.